भीमथडीचे तट्टू आणि त्याचे घर

मराठ्यांच्या घोडदळाविषयी आपल्याकडे जे विपुल लेखन झाले आहे त्यात स्वारांची नावे आहेत, मोहिमांचे मार्ग आहेत, लढायांच्या तिथी आहेत. परंतु ज्या जनावराच्या पाठीवर हा सारा इतिहास घडला ते पावसाळ्याचे चार महिने कोणाच्या दारात बांधलेले असे, त्याला चंदी कोण चारीत असे, त्याची लीद कोण काढीत असे आणि त्याच्या वैरणीचा भार कोणत्या शेतावर पडत असे, या गोष्टींचा विचार त्यात क्वचितच आढळतो. माझी तर अशी धारणा आहे की मराठी घोडदळाची खरी पागा गडाखाली नव्हती, ती कुणब्याच्या अंगणात होती. आणि त्या दळाचा उदयास्त समजून घ्यावयाचा तर रणांगणाइतकेच त्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे.

अशी अंगणे जेथे होती तो भीमा आणि नीरा या नद्यांच्या काठचा मुलूख कमी पावसाचा, खडकाळ माळांचा, मधूनमधून काळ्या जमिनीचे पट्टे असलेला. त्याला भीमथडी हे नाव इतके चिकटलेले होते की इंग्रजी अमलातही बारामती ज्या तालुक्याचे ठाणे होते तो तालुका भीमथडी याच नावाने दप्तरी चालला. इथले तट्टू खांद्यापाशी चार-सव्वाचार फुटांचे, दिसायला बेताचे, पण खुराचे टणक, पोटाचे काटक आणि चढउताराला अथक. समुद्रमार्गे आलेल्या अरबी घोड्यांचे रक्त देशी घोड्यांत मिसळून ही जात तयार झाली, असा जाणकारांचा साधारण समज आहे. आफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक घोडा विकावयास घेऊन चौल बंदरी उतरला आणि घाट चढून बहमनी अमलातील जुन्नरला पोचला, तेव्हा तेथील खानाने त्याचा घोडा काढून घेतला व त्याला तो मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. त्याच निकितीनने लिहून ठेवले आहे की या देशात घोडे पैदा होत नाहीत, आणि आणलेल्या घोड्यांना कडधान्य व साखरतेल घातलेली खिचडी खाऊ घालतात. त्याच्या डोळ्यांपुढे अमीरउमरावांची उंची, परदेशी घोडी होती हे उघड आहे. साखर घातलेल्या खिचडीवर पोसलेले घोडदळ सुलतानाला परवडते, कुणब्याला परवडत नाही. आणि पुढील दोनशे वर्षांत दख्खनेत जे घडले ते नेमके हेच, की हुलगा, हरभरा, ज्वारीचा कडबा आणि माळावरचे गवत एवढ्यावर जगणारे जनावर लष्कराचा कणा बनले.

सभासदाने बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची जी व्यवस्था सांगितली आहे तिच्यात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असा बंदोबस्त आहे. लढवय्यांच्या बरोबरीने पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा यांची गणना करणारी ही दृष्टी, घोडा म्हणजे रोजची पाणक्याची आणि लोहाराची गरज, हे ओळखणारी होती. त्याच बखरीप्रमाणे पर्जन्यकाळी लष्कर स्वदेशी छावणीस येई, त्यापूर्वीच दाणा, रतीब, औषधे आणि घोड्यांना गवताने शाकारलेली घरे सिद्ध असत, आणि दसरा होताच लष्कर कूच करी.

या छावणीचे अंतरंग महाराजांच्या एका पत्रातून फार जवळून दिसते. चिपळूणच्या तळावरील अंमलदारांना लिहिलेल्या या पत्राचा मुख्य विषय दाणा आणि वैरण हा आहे. आज हाती आहे म्हणून मनमानी चाराल तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुमचे लोक कुणब्यांकडे जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी ओरबाडू लागतील आणि रयत परागंदा होईल, असा त्याचा आशय आहे. पुढे गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नये, रात्री दिवा जळत ठेवू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत ताकीद आहे. राज्यकर्त्याने उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करावा यात मला त्या राज्याच्या थोरवीचे जितके दर्शन घडते तितके एखाद्या विजयाच्या वर्णनातही घडत नाही.

बारगिराचा घोडा सरकारी. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, म्हणजे त्याच्या घरचा. शिलेदाराच्या घरी घोड्याचा दिवस पहाट फुटण्यापूर्वी सुरू होई. अगाडी-पिछाडीचे दोर सोडून, मेखा तपासून, ठाणावरची लीद उकिरड्यावर टाकली जाई. मग पाण्यावर नेणे, खरारा करणे, खुरांतले खडे काढणे, आणि रात्री भिजत घातलेला हरभरा किंवा शिजवून निवविलेला हुलगा तोबऱ्यात भरून तोबरा तोंडाला अडकविणे. धनी स्वारीवर असला तरी घरी राहिलेल्या गाभण घोडीचे, शिंगरांचे आणि थकल्या तट्टांचे हे सर्व चालूच राही, व ते घरच्या बायकांना, म्हाताऱ्यांना आणि पोरांनाच करावे लागे. घोडी अकरा महिने गाभ वागविते. ती छावणीच्या दिवसांत फळली तर पुढच्या मृगाच्या आगेमागे विते आणि हिरव्या गवताच्या दिवसांत शिंगरू पोसले जाते. म्हणून शिंगरू देणारी घोडी शिलेदाराला दुहेरी मोलाची वाटे. भय असे ते पोटशूळाचे. पहिल्या पावसाचे कोवळे, ओले गवत अधाशीपणाने खाल्लेले जनावर पोट फुगून लोळू लागले म्हणजे त्याला लोळू न देता रात्रभर फिरवीत राहणे हाच पुष्कळदा एकमेव इलाज असे, आणि घोड्यांचा वैद्य, सालोत्री, दर गावी कोठून असणार?

घोडे पाहून घेण्याची विद्याही याच अंगणातली. कुमैत, अबलख, पंचकल्याण हे रंग, आणि त्यांहूनही अंगावरचे भोवरे बारकाईने पाहिले जात. मानेवर देवमण नावाचा भोवरा असलेला घोडा घरात आला म्हणजे लक्ष्मी आली असे मानीत. दसऱ्याला त्याला धुऊन, कुंकू लावून, गळ्यात झेंडूची माळ घालून त्याची पूजा होई. यात भाबडेपणा असेल. पण ज्याच्या मरणाने घर कर्जात बुडते त्या जनावराकडे माणूस यापेक्षा वेगळ्या नजरेने कसे पाहील? शिलेदार संकटात घोडे घालताना कचरतो अशी तक्रार जुन्या काळापासून चालत आली आहे, आणि ती निराधार नाही. तथापि ती करणाऱ्याने हेही ध्यानी घ्यावे की शिलेदाराच्या मांडीखाली त्याचे सारे भांडवल धावत होते.

1818 साली पेशवाई बुडाली आणि या घरांचा आधारच तुटला. काही स्वार कंपनीच्या रिसाल्यांत गेले, बहुसंख्य नांगराकडे वळले. आणि ज्या शेताने बैलांच्या जोडीला एक घोडी पोसली होती त्या शेताला, मुलूखगिरीची मिळकत थांबल्यावर, सारा भरून तिचा दाणा पुरविणे जड जाऊ लागले. इंग्रजांनाही या जातीचे मोल कळले होते. भीमेच्या परिसरात शिरूर तालुक्यातील आलेगावी, जे आजही आलेगाव पागा म्हणून ओळखले जाते, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घोड्यांच्या पैदाशीचे ठाणे चालविले. पण ते टिकले नाही. सरकारी वळू पुरविता येतो, घोडी पाळण्याचे कारण पुरविता येत नाही. पुढे 1863 साली बोरघाटातून आगगाडी वर चढली आणि व्यापाऱ्याच्या लमाणी तट्टांचे काम गेले. 1876 ते 1878 च्या दुष्काळात तर माणसांनाच अन्न नव्हते, तेथे हरभऱ्याची चंदी कोठून मिळणार?

तरी भीमथडीचे तट्टू संपले नाही, आणि याचे श्रेय सर्वस्वी धनगर समाजाचे आहे. पावसाळा सरला की बारामती, दौंड, फलटण या बाजूचे मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात. पुरुष मेंढरांमागे चालतात. बिऱ्हाड मात्र बायका घोड्यांवर लादतात, आणि लादण्याच्या त्या कौशल्याला तोड नाही. खाली घोंगडी व गोधड्या, दोहो बाजूंना समतोल साधून धान्याच्या गोणी आणि भांडी, वर मेंढरे कोंडण्याची जाळी म्हणजे वाघर आणि तिच्या मेखा, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेली कोकरे, आणि सर्वांच्या वर एखादे लहान मूल. एक बाजू शेरभर जड झाली तरी पाठीला जखम होते, म्हणून दोर आवळण्यापूर्वी त्या दोन्ही गोणी हाताने उचलून पाहतात. मुक्कामी पोचताच ओझे उतरते, पुढच्या पायांना दावे लागते आणि तट्टू पडीक रानात चरू लागते. साखरतेलाची खिचडी तर दूरच, हरभराही त्याच्या वाट्याला क्वचित येतो. शिलेदाराच्या घरचे बरेचसे ज्ञान, शिंगरू केव्हा शिकवावे, घोडी केव्हा ओझ्याखालून काढावी, पोटशूळाला काय करावे, हे आज धनगरांच्या फिरत्या वाड्यांवरच्या या बायकांपाशी शिल्लक आहे. ते कोणत्याही दप्तरात नाही.

अलीकडे भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदली गेली, ही आनंदाची गोष्ट होय, आणि ती पूर्वीच व्हावयास हवी होती. पण हे तट्टू ज्या व्यवहारावर जगते तो निराळाच आहे. मेंढपाळ शेतकऱ्याच्या रानात कळप बसवितो, शेताला लेंडीखत मिळते, मोबदल्यात धान्य किंवा रोकड मिळते, आणि पीक निघालेल्या त्या रानातच त्याची घोडी पोट भरतात. गायराने वेढली जात आहेत, पाटपाण्याखाली रान बारमाही उसाचे होत आहे, कळपांची वाट दरसाल अरुंद होत आहे. जातीचे रक्षण करावयाचे असेल तर नोंदवहीबरोबर या वाटांची आणि गायरानांचीही मोजणी झाली पाहिजे, आणि त्या मोजणीच्या वेळी ओझे लादणाऱ्या त्या बायकांना आधी विचारले पाहिजे.