लखिना पॅटर्न आणि यंत्राची दप्तर तपासणी

टेबलावरचा कारकून बदलला की जुनी फाइल सापडत नाही, हा सरकारी कचेरीतला जुना अनुभव. ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात अहमदनगरचे जिल्हाधिकारी असलेले अनिलकुमार लखिना यांनी या दुखण्याचे मूळ कारकुनाच्या स्वभावात न शोधता दप्तराच्या मांडणीत शोधले. पुढे राज्यभर 'लखिना पॅटर्न' म्हणून ओळखल्या गेलेल्या या पद्धतीत प्रत्येक कारकुनाच्या कागदांचे सहा गठ्ठे केले जातात : प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षाकडे पाठवायच्या फाइली आणि नष्ट करावयाचे 'ड' वर्गाचे कागद.

यांतील चौथा गठ्ठा वरकरणी सर्वांत रुक्ष. पण सारी मदार त्याच्यावर आहे. एखाद्या विषयावरचे शासनाचे कायम आदेश त्यात एकत्र असतात. उद्या नवा कारकून आला, तर कोणता कागद 'अ' वर्गात कायम ठेवायचा आणि कोणता 'ड' वर्गात टाकायचा, हे त्याला आधीच्या माणसाला न विचारता कळले पाहिजे. ते कळत नसेल, तर दोष नव्या माणसाचा नसून संचिकेचा, हे तपासणी अधिकाऱ्याने मान्य करावयाचे असते. (प्रत्यक्षात किती जण मान्य करतात, हा प्रश्न वेगळा.)

आता हीच कसोटी संगणकाच्या क्षेत्रात आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे 'एजंट' म्हणजे केवळ उत्तरे देणारे नव्हे, तर साधने वापरून स्वतः कामे करणारे कार्यक्रम. फाइल खरोखर पीडीएफ आहे का, ती अर्धवट तर नाही ना, आधीच्या प्रतीशी जुळते का, हे पाहण्यासाठी त्यांना तपासणीची साधने दिली जातात. अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्ये प्रत्येक साधनाबरोबर त्याचे नाव, वर्णन आणि त्याला द्यावयाच्या माहितीचा नमुना असतो. एजंटापुढे मुख्यतः तेवढेच असते. शेजारच्या टेबलावर विचारायची सोय त्याला नाही.

वर्णन अपुरे असले की काय होते, याचे उदाहरण युनिक्स प्रणालीत सापडते. तेथे 'फाइल' नावाची आज्ञा १९७३ पासून आहे. फाइलच्या नावावर विश्वास न ठेवता तिच्या आतील खुणा पाहून ती प्रकार सांगते. परंतु फाइल उघडताच आली नाही, तरी ती तसा मजकूर छापते आणि शेवटी परंपरेने 'काम यशस्वी' हाच संकेत, म्हणजे शून्य, परत देते. मनुष्य मजकूर वाचतो. केवळ संकेत पाहणारा एजंट मात्र नसलेल्या फाइलला तपासलेली समजून पुढे जातो. पुढची पायरी मूळ प्रत पुसण्याची असेल, तर हा सहावा गठ्ठा चुकीने जाळण्याचाच प्रकार झाला.

म्हणूनच अशा साधनाच्या दस्तऐवजाचे मूल्यमापन भाषेच्या सफाईवरून करणे व्यर्थ आहे. साधन न पाहिलेल्या एजंटाला फक्त दस्तऐवज द्यावा आणि पुढे मुद्दाम निवडलेल्या फाइली ठेवाव्यात : रिकामी, अर्धी उतरलेली, चुकीच्या नावाची, उघडण्याची परवानगी नसलेली. निर्णय किती वेळा चुकला आणि दस्तऐवजातील कोणते वाक्य नसल्यामुळे चुकला, हे नोंदवावे. ते वाक्य घालून पुन्हा त्याच फाइली द्याव्यात. 'जुळत नाही' आणि 'तपासता आले नाही' ही दोन उत्तरे वेगळी आहेत, हे स्पष्ट न लिहिणारा दस्तऐवज पहिल्याच फेरीत नापास करावा.

मराठी दप्तराचे काही खास पेचही आहेत. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येते, तसेच 'र' आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. पडद्यावर फरक दिसत नाही; तपासणी-अंक मात्र निराळे येतात. साधन तुलनेपूर्वी हे रूप एकसारखे करते की नाही, ते लिहिलेलेच हवे. दुसरा पेच खुद्द या जिल्ह्याचा. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या दप्तरात पहिले नाव, नव्यात दुसरे. दोन्ही बरोबरच आहेत, पण हे न सांगितल्यास एजंट एका जिल्ह्याचे दोन जिल्हे मानेल, किंवा 'दुरुस्ती' म्हणून जुन्या कागदातील नाव बदलून मोकळा होईल. हा दुसरा धोका अधिक गंभीर, कारण त्याने मूळ अभिलेखच बिघडतो.

माहितीच्या अधिकारासाठी पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धीहून अण्णा हजारे यांनी चालवलेल्या आंदोलनाचा या विषयाशी थेट संबंध आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने नागरिकाला अभिलेख पाहण्याचा हक्क दिला आणि कलम ४ नुसार कार्यालयांवर अभिलेखांची सूची ठेवण्याचे, तसेच कर्मचारी वापरतात ते नियम व नियमपुस्तिका प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. कार्यालयातील फाइली उद्या एजंट तपासू लागले, तर त्यांना दिलेले साधनाचे वर्णनही याच नियमपुस्तिकांच्या पंक्तीत बसावयास हवे. आपला अर्ज 'फाइल आढळत नाही' म्हणून परत आला, तर यंत्राने फाइल शोधली होती की ती उघडताच आली नव्हती, हे अर्जदाराला त्यावरूनच तपासता येईल.