माळरानाचा इतिहास आणि पर्यावरणाचे अध्यापन : सोलापूरच्या माळढोकाच्या संदर्भात

प्रस्तावना

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरासाठी सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम तयार केला. तो महाविद्यालयांत रुजला. परंतु प्रत्यक्ष अध्यापनात ‘वृक्षतोड म्हणजे ऱ्हास आणि वृक्षारोपण म्हणजे संवर्धन’ हे समीकरणच पुष्कळदा विद्यार्थ्यांच्या मनावर ठसते. सोलापूर जिल्ह्यातील माळढोक पक्ष्याचा इतिहास या समीकरणाला छेद देणारा आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचे अध्यापनाच्या दृष्टीने विवेचन केले आहे.

‘पडीक’ या संज्ञेचा वारसा

गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी पाहणी व आकारणी सुरू केली. जमिनीची प्रतवारी तिच्या लागवडयोग्यतेवरून ठरविणे आणि साऱ्याचा दर कमी करून पडीक जमीन लागवडीखाली आणणे, हे या पद्धतीचे सूत्र होते. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती निरुपयोगी, ही दृष्टी महसुली व्यवहारात अशा रीतीने दृढ झाली. वास्तविक माळरान ही स्वतंत्र परिसंस्था आहे. गवत, टोळ व इतर कीटक, चंडोल, काळवीट, लांडगा आणि मेंढपाळांचे कळप यांचे परस्परसंबंध तिच्यात गुंफलेले असतात. तथापि स्वातंत्र्यानंतरही ‘पडीक’ ही संज्ञा टिकून राहिली. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळाच्या नावातही तिचा प्रत्यय येतो.

विकासाचे दुहेरी परिणाम

१९७२ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. त्यानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली नान्नज परिसरात काही क्षेत्रे चराईपासून राखण्यात आली. तेथे गवत वाढले आणि माळढोकाला आसरा मिळाला. परंतु त्याच क्षेत्रांत लावलेली झाडे मोठी झाली, तसा तो आसरा आक्रसत गेला. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि दूरवरची चाहूल घेऊन आपला बचाव करतो. दाट झाडी त्याला मानवत नाही. दुष्काळग्रस्तांच्या हितासाठी केलेले एकच काम प्रथम उपकारक आणि नंतर अपायकारक ठरले.

भीमा नदीवरील उजनी धरणाचे काम १९८० च्या सुमारास पूर्ण झाले. कोरडवाहू शिवारात ऊस आला, रस्ते व वीजवाहिन्या आल्या. माळढोकाला समोरचे नीट दिसत नसल्याने अशा तारांवर आदळून त्याचा मृत्यू ओढवतो. दुसरीकडे, उजनीच्या जलाशयावर भिगवणजवळ रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले. भिगवण हे इंदापूर तालुक्यातीलच गाव. मानवी हस्तक्षेपाने एका जातीचे घर मोडले आणि दुसरीला नवे घर मिळाले, हे एकाच खोऱ्यात दाखविता येते.

अभयारण्य आणि शेतकरी

१९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे मूळ क्षेत्र ८,४९६ चौ. कि.मी. इतके होते. त्यात गावे व खाजगी शेते मोठ्या प्रमाणात समाविष्ट असल्याने जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि शेतकऱ्यांत असंतोष निर्माण झाला. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. कि.मी. पर्यंत कमी करण्यात आले. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने माळढोकाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून केली. आज देशात त्याची संख्या दीडशेच्या आसपास असून त्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत. महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

अध्यापनातील उपयोग

या परिसरातील वर्गात बसलेला विद्यार्थी बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा वा मुलगी असते. उजनीच्या पाण्यावर ज्यांचे शिक्षण झाले, त्यांच्यासमोर त्यांच्या पालकांना आरोपी ठरवून हा विषय शिकविणे अन्यायकारक आणि निष्फळही होय. त्याऐवजी गावचे जुने नकाशे, सातबाऱ्यावरील पोटखराबा व पीकपाहणीच्या नोंदी, गायरानाच्या क्षेत्रातील बदल आणि वृद्ध मेंढपाळांच्या आठवणी ही साधने विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत. कोणता निर्णय कोणत्या गरजेतून झाला, त्याचा लाभ कोणाला मिळाला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे तीन प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारावेत. प्रकल्पासाठी रोप लावण्यापूर्वी त्या जागी आधी काय होते, याचा शोध घेणे हाच पहिला पाठ ठरावा.

समारोप

माळढोकाचा ऱ्हास केवळ शिकाऱ्यांमुळे झाला नाही. सिंचन, वनीकरण आणि वीज या सर्वमान्य कामांचाही त्यात वाटा आहे. कोणाचाही हेतू वाईट नसताना एक परिसंस्था कशी लोप पावते, हे पर्यावरणाच्या पाठ्यक्रमातील सर्वांत अवघड प्रकरण आहे. ते समजावून देण्यासाठी जीवशास्त्राला इतिहासाची जोड मिळणे अगत्याचे आहे. नान्नजला माळढोक पुन्हा दिसेल की नाही, हे वर्गात ठरणार नाही. परंतु उरलेल्या माळरानाला पुढील पिढी ‘पडीक’ म्हणणार की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी तेथेच ठरणार आहे.