कॉलरा आणि मोडशी

उत्तर कोकणात, वसईच्या खाडीलगतच्या पट्ट्यात, अजीर्णाने वांत्या-जुलाब लागलेल्या माणसाला 'मोडशी झाली' असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु आज जी व्याधी आले-लिंबाच्या रसावर भागते, तिचे हे नाव चार शतकांपूर्वी साक्षात मृत्यूचे होते.

१५३४ मध्ये वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, अमलाखाली गेली. त्याच वर्षी गोव्यास उतरलेला आणि पुढे मुंबई बेटच मक्त्याने मिळालेला वैद्य गार्सिया द ऑर्ता याने, १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात, अरबी हकिमांचा हैजा, ग्रीक परंपरेतला कॉलरा आणि या देशीची मोडशी ही एकाच रोगाची नावे ठरविली. मात्र येथील रोग युरोपातल्याहून इतका उग्र की रोगी बहुधा एका अहोरात्रात आटोपतो, हेही त्याने नमूद केले. फिरंग्यांच्या जिभेवर मोडशीचे 'मोर्देशी' झाले, आणि फ्रेंचांनी तर त्यातून 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ काढला!

कॉलरा या नावाचा उगम 'खोले', म्हणजे पित्त, या ग्रीक शब्दात सांगतात. काही पंडित मात्र तो पन्हाळीच्या नावाशी जोडतात, आणि रोग्याची अवस्था पाहता तेही अगदीच विसंगत वाटत नाही. तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीसच्या चार महाभूतांच्या जोडीला ग्रीक वैद्यांनी रक्त, कफ, पीतपित्त व कृष्णपित्त असे चार देहरस मानले, वैद्य गेलेनच्या परंपरेने त्यांवरून मनुष्याचे स्वभावही ठरविले, आणि अशा रीतीने एकच पित्त तत्त्वज्ञाच्या लेखी तापटपणाचे, तर वैद्याच्या लेखी ओकारीचे कारण झाले. आपल्या त्रिदोषविचाराला हे परके नाही. फक्त आपल्या वैद्यांनी या व्याधीस, सुया टोचल्यागत होणाऱ्या वेदनेवरून, विसूचिका म्हटले.

१८१७ मध्ये बंगालमधील जेसोरकडे उसळलेली या रोगाची साथ पुढल्या वर्षी मुंबईस पोहोचली, आणि इंग्रज सर्जनांनी ग्रीकांच्या त्या बऱ्याचशा सौम्य उन्हाळी विकाराचे नाव तिला कायमचे चिकटविले. वास्तविक या साथीतले जुलाब तांदळाच्या धुवणासारखे, पित्ताचा मागमूस नसलेले! १८८४ मध्ये जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोखने कलकत्त्यात तिचा स्वल्पविरामाकृती जंतू ओळखला. तो खाड्यांच्या मचूळ पाण्यातही तग धरतो, हे पुढे कळले. गावोगाव लोकांनी पटकी, वाखा, जरीमरी ही नावे जवळ केली, आणि मोडशी तेवढी अजीर्णापुरती उरली.