जुनी मद्यशाळा, वर चार खोल्या : विक्रीत नेमके काय विकले जाते?

आयर्लंडमधील स्थावर मालमत्तेच्या जाहिरातींत एक प्रकार वारंवार आढळतो. गावाच्या मुख्य रस्त्यावरील जुना पब, वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी खोल्या, मागे अंगण आणि अखेरीस ‘सात दिवसांच्या परवान्यासह’ अशी एक ओळ. परक्या वाचकाचे लक्ष इमारतीच्या वयाकडे जाते. खरेदीदाराची नजर मात्र त्या शेवटच्या ओळीवर असते. आयर्लंडमध्ये भिंती आणि परवाना या दोन स्वतंत्र मालमत्ता आहेत आणि दुसरीची किंमत पहिलीहून निराळी ठरते.

याचे मूळ १९०२ च्या कायद्यात आहे. मद्यगृहांची संख्या बेसुमार वाढल्यामुळे, अपवाद वगळता, नवा परवाना देण्याचे त्या वर्षी बंद झाले. ज्याला मद्यगृह काढायचे असेल त्याने कोणाचा तरी जुना परवाना विकत घेऊन तो रद्द करून घ्यावा, अशी पद्धत पुढे रुळली. परिणामी परवाना ही दुर्मीळ वस्तू झाली. घराण्यातील मुलाला तो शेतीसारखाच वारशाने मिळू लागला. पब विकला गेला की परवाना न्यायालयामार्फत नव्या मालकाच्या नावे होतो; त्यासाठी कर भरल्याचा दाखला लागतो आणि वार्षिक परवाना-सत्र सप्टेंबरमध्ये भरते.

या घरांचा इतिहासही नुसत्या मद्यविक्रीचा नाही. शॅनन नदीवरील अ‍ॅथलोन गावातला ‘शॉन्स बार’ इसवी सन ९०० पासूनचा असल्याचे सांगितले जाते. १९७० मध्ये तेथे दुरुस्ती चालू असताना भिंतींच्या आत फांद्या विणून चिखलाने लिंपलेले जुने काम सापडले. आपल्याकडे ज्याला कुडाची भिंत म्हणतात तेच. गावाचे आयरिश नाव ‘आथ लुआन’, म्हणजे लुआनचा उतार. हा लुआन नदी ओलांडणाऱ्या वाटसरूंना आसरा देणारा होता, अशी आख्यायिका आहे. नदीला जेथे उतार असतो तेथे उतारू थांबतात, आणि उतारू थांबले की पथारी व पेय यांची सोय करणारा कोणीतरी उभा राहतोच. १८४६ च्या एका कायद्याने तर अपमृत्यूच्या चौकशीसाठी प्रेत जवळच्या मद्यगृहात नेण्याची तरतूद केली होती. तळघर थंड असे, हे त्यामागचे साधे कारण. पुढे कित्येक गावांत पबचा मालकच अंत्यविधीची व्यवस्था पाहू लागला. किराणा, टपाल, खोल्या आणि मद्य हे सारे एकाच छपराखाली असण्याची प्रथा ग्रामीण आयर्लंडमध्ये दीर्घकाळ टिकली.

ही घडी २००० च्या कायद्याने विस्कटली. एका भागातील परवाना रद्द करून त्याच्या बदल्यात देशात कोठेही नवा घेण्याची मुभा मिळाली. खेड्यातील म्हाताऱ्या मालकाला परवान्याची चांगली रक्कम मिळू लागली आणि घेणारा शहरातला बडा दुकानदार किंवा सुपरमार्केट असू लागला. परवाना गेला की खेड्यातल्या घरात फक्त काउंटर आणि रिकाम्या खोल्या उरतात. २००५ नंतरच्या सुमारे दोन दशकांत आयर्लंडमधील जवळपास २,००० पब बंद झाले. त्याला एकटा कायदा जबाबदार नाही. मद्य पिऊन वाहन चालविण्याविरुद्धचे कडक नियम, ग्रामीण भागातून झालेले स्थलांतर आणि घरी पिण्याची वाढती सवय हीही कारणे आहेत. तरीही, विकल्या गेलेल्या जुन्या पबपैकी कोणता उघडा राहणार हे बहुधा परवाना त्याच दारावर राहतो की नाही यावर ठरते.

पवनीच्या बाजारपेठेत आयरिश पब शोधणे व्यर्थ आहे. पण प्रश्न तोच आहे. वैनगंगेकाठचे हे गाव वाटसरूंना नवखे नाही. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर केलेल्या उत्खननात मौर्यकाळाच्या आसपासचा विशाल बौद्ध स्तूप उजेडात आला आणि ब्राह्मी लिपीतील दानलेखांतून दात्यांची नावे कळली. नदीवरील घाट आणि असंख्य मंदिरांमुळे ‘विदर्भाची काशी’ हे बिरुद पवनीला मिळाले. पंचमुखी गणेशाचे स्थान विदर्भातील अष्टविनायकांत मोजले जाते. २०१२ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झाले. पुढे नागझिऱ्याहून आलेल्या ‘जय’ वाघामुळे ते देशभर गाजले, आणि २०१६ मध्ये तो बेपत्ता झाल्यानंतरही पर्यटकांचा ओघ आटला नाही. अशा गावात खाली उपाहारगृह व परमिट रूम आणि वर लॉज असे जुने घर विकावयास निघाले, तर त्याला गिऱ्हाईक मिळणे कठीण नाही. त्या गिऱ्हाइकाने तपासावयाच्या बाबी मात्र आयर्लंडहून अगदी वेगळ्या आहेत.

पहिली बाब जमिनीची. जुन्या मध्य प्रांतातील गावांमध्ये बाजारपेठेतील पुष्कळशा जागा नझूलच्या असतात. तेथे विक्रेता मालक नसून शासनाचा पट्टेदार असतो. पट्ट्याची मुदत, वापराचा हेतू आणि हस्तांतरणाची अट आखीव पत्रिकेवरून व पट्ट्याच्या मूळ कागदावरून पाहावी लागते. निवासासाठी दिलेल्या जागेवर लॉज चालत असेल तर अटीचा भंग आधीच झालेला असतो आणि तो खरेदीदाराच्या गळ्यात पडतो. दुय्यम निबंधक कार्यालयातील तीस वर्षांचा शोध ही येथे निव्वळ औपचारिकता नव्हे.

दुसरी बाब मालकीच्या स्वरूपाची. तीर्थाच्या गावात वाटसरूंच्या उतरण्याचे सर्वांत जुने घर म्हणजे धर्मशाळा. तिच्या दारावरील शिळेवर दात्याचे नाव असले तरी बहुतेक वेळा ती दात्याच्या वारसांची नसते. ती सार्वजनिक न्यासाची असते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ३६ नुसार अशा मिळकतीची विक्री, अदलाबदल किंवा दान धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून वैध ठरत नाही. इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने देण्यासही तीच मंजुरी लागते. आजोबांनी बांधली म्हणून नातवाने विकली आणि पुढे व्यवहार रद्द झाला, असे घडण्याचे कारण हेच. या कलमाला अडगळ मानण्याची रीत आहे. पण घाटाजवळची धर्मशाळा व्यापारी संकुल होण्यापासून वाचली असेल, तर त्यात याच कलमाचा वाटा मोठा असतो.

तिसरी बाब परवान्याची, आणि खरा फरक येथेच आहे. १९४९ चा महाराष्ट्राचा कायदा नावाप्रमाणे दारूबंदीचा आहे. मद्य ही त्यात अपवादाने दिलेली सवलत ठरते. पिणाऱ्याजवळ परमिट हवे, म्हणून बसण्याची जागा ‘परमिट रूम’. उपाहारगृहाला दिला जाणारा ‘एफएल-३’ परवाना विशिष्ट व्यक्ती आणि विशिष्ट जागा यांच्या नावे असतो. विक्रीखतात ‘परवान्यासह’ असे लिहिल्याने तो हस्तांतरित होत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी न घेता तो दुसऱ्याला दिल्यास किंवा पोटभाड्याने चालवायला दिल्यास तो रद्द होऊ शकतो. परवान्याचे वर्ष ३१ मार्चला संपते; नूतनीकरण झाले नाही तर एप्रिलमध्ये खरेदीदाराच्या हाती फक्त खुर्च्या-टेबले राहतात.

शिवाय हा परवाना नकाशाच्या लहरीवर असतो. पवनी तालुक्याला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये ती उठवण्यात आली. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. हद्दीच्या एका बाजूचा परवाना एका रात्रीत निरुपयोगी झाला आणि दुसऱ्या बाजूच्या परवान्याचे मोल वाढले. इमारती दोन्हीकडे त्याच होत्या. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेश एप्रिल २०१७ पासून अमलात आला. २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी अंतर २२० मीटर करण्यात आले आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीतील दुकानांना हा आदेश बाधक नसल्याचा खुलासा झाला. या दरम्यानच्या काही महिन्यांत राज्यात अनेक परमिट रूमना टाळे होते.

चौथी बाब पवनीसारख्या पुरातन गावातच उद्भवते. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे. त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधता येते. वर आणखी आठ खोल्या काढण्याचा बेत ठरवून घर घेणाऱ्याने हे अंतर व्यवहारापूर्वी मोजून घ्यावे.

खोल्यांमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न तर सर्वांत चिवट. मुंबईतील वॉटसन्स हॉटेल हे त्याचे ठळक उदाहरण. इंग्लंडहून आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभारलेले हे हॉटेल १८७१ च्या सुमारास सुरू झाले. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली ती येथेच. हॉटेल बंद पडल्यावर इमारत हात बदलत गेली, खोल्यांत कार्यालये व भाडेकरू शिरले आणि दुरुस्ती कोणाची हा वाद तेवढा मागे राहिला. ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू २००६ च्या जागतिक धोक्यातील वास्तूंच्या यादीत गेली. २०१९ मध्ये ती रिकामी करून घेण्यात आली. लॉजमध्ये वर्षानुवर्षे महिन्याच्या भाड्याने राहणारा ‘पाहुणा’ कागदोपत्री पाहुणा आहे की भाडेकरू, हे म्हणूनच नोंदवहीवरून आधी ठरवावे.

पवनीतील व्यवहारात इसारपावती करतानाच किंमत दोन भागांत लिहिणे श्रेयस्कर ठरते : इमारतीची वेगळी आणि परवाना नावावर झाल्यानंतरच द्यावयाची वेगळी. परवाना मिळाला नाही तर इसार किती दिवसांत परत करावयाचा, हेही त्याच कागदावर नमूद असावे.