काडतुसांचे पुनर्भरण

काडतुसांचे पुनर्भरण : झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा आकारात आणून तीत नवी टोपी, दारू व गोळी बसविण्याची क्रिया. काडतुसाच्या या चार घटकांपैकी पितळी पुंगळी ही सामान्यतः सर्वांत महाग असून ती एका बाराने निकामी होत नाही. या साध्या हिशेबातून हा घरगुती उद्योग निर्माण झाला.

धातूचे काडतूस प्रचारात येण्यापूर्वी प्रत्येक बंदूकधारी स्वतःच बार भरीत असे. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू, बोळा व छर्रे घालून ते गजाने ठासावे लागत. १८५७ च्या उठावास निमित्त झालेले एन्फील्ड काडतूसही दारू व गोळी बांधलेली कागदी पुडीच होती. १८६६ च्या सुमारास ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर व अमेरिकन संशोधक हायरम बर्डन यांच्या मध्यभागी टोपी असलेल्या रचना पुढे आल्या. बॉक्सरच्या रचनेत पुंगळीच्या बुडाला मध्यावर एकच छिद्र असल्याने जुनी टोपी आतून सुई घालून सहज काढता येते. बर्डनच्या रचनेत बाजूला दोन बारीक छिद्रे असल्याने हे काम किचकट होते. गंमत अशी, की ब्रिटिश बॉक्सरची टोपी अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकन बर्डनची यूरोपात. पुनर्भरण अमेरिकेत फोफावले, याचे हेही एक कारण होय.

तेथील रानात हिंडणाऱ्या शिकाऱ्याला दुकान दूर असे. जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीने १८८४ पासून अडकित्त्यासारखे हातअवजार विकले. ते खिशात मावे. विसाव्या शतकात मेजाला घट्ट बसविण्याची तरफेची दाबयंत्रे आली. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘आरसीबीएस’चा उद्योग सुरू केला, तर रिचर्ड ली यांनी १९५८ मध्ये केवळ हातोडीने चालणारा अगदी स्वस्त संच काढून हा छंद सामान्यांच्या आवाक्यात आणला. एकेरी दाबयंत्रात तरफेच्या प्रत्येक खेपेस एकच क्रिया होते. ते संथ, पण स्वस्त व चूक चटकन दिसणारे असल्याने नवशिक्यास तेच बरे मानले जाते. फिरत्या मंचाची यंत्रे वेगवान, परंतु महाग असतात. मात्र यंत्रापेक्षा तराजूचे महत्त्व अधिक. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्येय यांनी निर्धूम दारू सिद्ध केल्यानंतर दारू थोडी जास्त पडली, तरी बंदूक फुटून भरणाराच जायबंदी होण्याचा धोका वाढला.

भारतात या उद्योगाला वेगळे वळण लागले. येथील शौकीन शिकारी एकोणिसाव्या शतकात छऱ्यांची काडतुसे घरी भरीत. परंतु दारूगोळ्याचे मोठे उत्पादन सरकारी हाती होते. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना निघाला. १८७८ च्या कायद्याने शस्त्रे व दारूगोळा परवान्याच्या कक्षेत आणला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘दारूगोळा’ या संज्ञेत दारूगोळा बनविण्याची यंत्रेही समाविष्ट आहेत. अमेरिकेत छंदाचे साहित्य ठरणारे दाबयंत्र येथे कायद्याच्या दृष्टीने स्वतःच दारूगोळा ठरते. विनापरवाना निर्मितीची कमाल शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने जन्मठेपेपर्यंत वाढविण्यात आली. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये लहान शस्त्रांच्या काडतुसांचा सरकारी कारखाना उभा राहिला. २०२१ मध्ये तो व खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेले.

वरणगावच्या पूर्वेस लागणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात, धामणगाव बढेसारख्या घाटाखालील शेतीप्रधान गावांत, बंदुकीचा प्रश्न छंदाचा नसून पिकाचा आहे. रानडुकरे व रोही एका रात्रीत उभे शेत तुडवितात. १९५९ च्या अधिनियमाने पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक पुरेशी वाटल्यास तिचाच परवाना देण्याची मुभा ठेवली. त्यामुळे बार हाताने भरण्याची जुनी रीत कायद्याच्या चौकटीत येथे टिकली, ती याच बंदुकीच्या रूपाने. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर मात्र परवाना असूनही वन्यप्राण्यावर गोळी झाडण्यास स्वतंत्र अनुमती लागते.

क्रीडानेमबाजांची स्थिती आणखी वेगळी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारात वापरल्या जाणाऱ्या ०·२२ इंची काडतुसात पेटणारे मिश्रण पुंगळीच्या काठात भरलेले असते व बारानंतर तो काठ चेपतो. त्यामुळे या काडतुसाचे पुनर्भरण व्यवहारात सहसा केले जात नाही.