डोंगर माणूस मागतो

1 जानेवारी 1865 रोजी थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला पोचली. ही तारीख पुस्तकातली. घोटीच्या आमच्या घरात आजीला तारीख ठाऊक नव्हती, तिच्याकडं आजेसासूकडून ऐकलेली गोष्ट होती. घाटात कामाला गेलेली सगळीच माणसं परत येत नसत, आणि आया पोरांना तिकडं फिरकू देत नसत. ‘डोंगर आधी माणूस मागतो, मंग वाट देतो,’ असं ती म्हणायची आणि घाटनदेवीच्या दिशेनं हात जोडायची.

ही अंधश्रद्धा म्हणून मी बरीच वर्षं सोडून दिली होती. पण 37 फुटांमागे एक फूट असा तो चढ आणि 13 बोगदे कसे झाले ते पाहा. डायनामाइटचं पेटंट 1867 सालचं, म्हणजे घाट फुटला त्यानंतरचं. एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण घालायचा, भोकात काळी दारू ठासायची, वात पेटवून पळायचं. शिवाय पटकी आणि हिवताप. मुख्य अभियंता जेम्स बर्कली 1862 सालीच वारले. त्यांचं नाव इतिहासात आहे. घण घालणाऱ्यांचं मला कुठंच सापडलं नाही.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. त्यावर पिंप्री सदरोद्दीनपासून शहापूर तालुक्यातल्या वाशाळ्यापर्यंत जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे. इथंही सुरुंगच लावले, पण रीत वेगळी. स्फोट झाला की डबर काढायचं, उघड्या कातळावर लगेच काँक्रीट फवारायचं, लांब लोखंडी बोल्ट ठोकायचे, खडक किती हलतो ते मोजायचं, मगच पुढचा स्फोट. डोंगराचा भार डोंगराकडूनच पेलवून घ्यायचा, ही त्यातली खरी बुद्धी. मला तिचा मनापासून अभिमान वाटतो. थळ म्हणजेच कसारा घाटातला अर्ध्या तासाचा प्रवास आता काही मिनिटांवर आला आहे.

तरी आजीची गोष्ट संपलेली नाही. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे याच महामार्गावर, शहापूरजवळच्या सरळांब्यात पुलाचं काम चालू असताना गर्डर उचलणारं यंत्र कोसळलं आणि 20 जण गेले. त्यांतले कितीतरी परराज्यांतून पोटासाठी आलेले. डोंगर माणूस मागत नाही. घाई मागते, हयगय मागते.

बोगद्याच्या तोंडाशी या सगळ्यांच्या नावांचा दगड बसवावा. आणि घोटी-इगतपुरीत ज्यांच्या घरी अजून सांगणारं कुणी म्हातारं माणूस आहे, त्यांनी घाटात खपलेल्यांची आठवतील तेवढी नावं आजच लिहून घ्यावीत.