मदिनेतल्या बायका विचारत होत्या

आपल्या मोहल्ल्यांत पाळीचं नाव कुणी घेत नाही. ‘नमाज माफ आहे’, ‘तबियत ठीक नाही’ म्हणून वेळ मारून नेतात. रमजानमध्ये तर पाळी आलेली सून स्वयंपाकघराचं दार लोटून घाईघाईने दोन घास खाते. रोजा नाही हे सासऱ्याला, दिराला कळू नये म्हणून! याला आपण ‘हया’ म्हणतो आणि ती दीनमधून आली असं समजतो. इतिहास वेगळं सांगतो.

प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा तिथल्या यहुदी घरांत पाळी आलेल्या बाईसोबत जेवत नसत. आपण काय करावं, असं सहाबांनी विचारलं, तेव्हा सूरह बकराची 222वी आयत उतरली. शरीरसंबंध सोडून बाकी सगळं चालेल, असं प्रेषितांनी स्पष्ट केलं. हजरत आयशा (र.) यांची पाळी चालू असताना त्यांच्याच मांडीवर डोकं टेकून ते कुरआन पठण करत.

या आयतीत पाळीसाठी ‘अज़ा’ हा शब्द आहे. भाषा शिकवत असल्यामुळे मी इथे दरवेळी अडते. अनेक उर्दू तर्जुम्यांत त्याचा अर्थ ‘गंदगी’ दिलाय. याच सूरहच्या 196व्या आयतीत तोच शब्द यात्रेकरूच्या डोक्याच्या त्रासासाठी येतो आणि तिथे ‘तकलीफ’ होतो. ती आयत ज्या सहाबींच्या निमित्ताने उतरली, त्यांच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. उवा म्हणजे तकलीफ आणि पाळी म्हणजे गंदगी! तर्जुमा करणारे सगळे पुरुष होते, एवढंच म्हणते.

मदिनेतल्या बायका मात्र थेट विचारत. फातिमा बिन्त अबी हुबैश यांनी विचारलं, रक्त थांबतच नाही, नमाज सोडू का? उत्तर मिळालं की हे एका शिरेचं रक्त आहे, पाळी नव्हे. पाळीचे नेहमीचे दिवस सोडून नमाज पढत राहा. पाळी म्हणजे हैज, आणि आजारामुळे जाणारं रक्त म्हणजे इस्तिहाजा, हा फरक 7व्या शतकातला आहे. उम्मे हबीबा बिन्त जहश यांना हा त्रास सात वर्षं होता. पाळी संपली की नाही ते कळेना, तर बायका डबीत कापूस घालून हजरत आयशांकडे पाठवत. त्यावर पिवळट डाग दिसला तर त्या घाई करू नका म्हणत. अन्सारच्या बायका शिकायला लाजत नाहीत, याचं त्यांना कौतुक होतं. इमाम बुखारींनी (मृत्यू 870) हदीससंग्रहात हैजचं स्वतंत्र प्रकरणच ठेवलं.

पुढे फिकहमध्ये दिवसांचे हिशेब ठरले. हनफींकडे पाळी किमान 3 आणि जास्तीत जास्त 10 दिवस. शाफईंकडे, म्हणजे आपल्या बहुतेक कोकणी मंडळींकडे, एक दिवस-रात्रीपासून 15 दिवसांपर्यंत. म्हणजे तारखा लक्षात ठेवणं आलंच. माझ्या विद्यार्थिनींना मी त्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला सांगते. पण हे झालं इबादतीचं गणित. रक्त सात दिवसांहून जास्त जात असेल किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, तर दहा-पंधरा दिवस मोजत बसू नये. ती वही घेऊन डॉक्टरकडे जावं.